टीम परस्यूट: घड्याळ तिसऱ्या चाकावर थांबतं

प्रश्न असा आहे: आमच्याकडे रोडवर दणकट सायकल मारणारे चार जण आहेत, चौघंही टाईम ट्रायल, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्धची रेस, मस्त मारतात, पण ट्रॅकवर टीम परस्यूटला उतरलो की निम्मं अंतर झालं नाही तोवर टीम फाटते, दोघं पुढे दोघं मागे. मग टोकियो ऑलिम्पिकला इटलीने आणि पॅरिस ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियाने नक्की वेगळं काय केलं? आणि चौघांची रेस असून वेळ तिसऱ्याची का धरतात?

उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा. मी बारा-तेरा वर्षं ट्रॅक केला, त्यात परस्यूट जास्त, आता पोरांना शिकवतो. आणि तुम्ही जी चूक करताय ती मी स्वतः दोन सीझन केलीय, त्यामुळे तुम्हाला हसत नाहीये.

आधी तिसऱ्याचं. पुरुषांची रेस ४००० मीटरची, २५० मीटरच्या ट्रॅकवर १६ लॅप. दोन टीम ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी सुटतात. चार जण निघतात पण तिघं पोचले तरी चालतं, आणि तिसऱ्याचं पुढचं चाक रेषेवर आलं की घड्याळ थांबतं. म्हणजे तुमचा एक नंबरचा पठ्ठ्या दहा मीटर पुढे जाऊन रेषा ओलांडतो, त्याचा उपयोग शून्य. उलट तो पुढे गेला याचाच अर्थ मागच्याला हवा लागली आणि तो हळू आला. ही सगळी रेस त्या तिसऱ्याला शक्य तितक्या लवकर घरी पोचवायची रेस आहे, बाकी जे काही दिसतं ते त्याच्यासाठी. तुम्ही चार टाईम ट्रायल एकामागे एक लावताय. टीम परस्यूट ती नव्हे.

आता हवा. साठच्या स्पीडला पुढच्या माणसाला ढोबळमानाने ६०० वॅट लागतात, त्याच्या मागच्याला साधारण सत्तर टक्के, आणि तिसऱ्या-चौथ्याला त्याहून थोडं कमी, पासष्ट टक्क्यांच्या आसपास. मागे बसलेला आराम करतोय असं टीव्हीवर वाटतं पण चारशे वॅट म्हणजे आराम नव्हे हो, आपल्याकडच्या कित्येक चांगल्या रायडरचं ते चढावरचं पूर्ण जोर लावलेलं काम आहे. फक्त सहाशेच्या मानाने तो आराम. आणि हा फायदा चाक चिकटलेलं असेल तरच. पुढच्याच्या मागच्या चाकापासून वितभर अंतर असेल तर मजा आहे, तेच एक सायकलभर झालं की लगेच शे-पन्नास वॅट जास्त घालायला लागतात, आणि ते घालून गॅप भरला की पुढच्या वेळी ओढायला, म्हणजे सगळ्यात पुढे राहून हवा कापायला, पायात काही उरत नाही.

म्हणून पहिला नियम, जो मी पोरांना इतक्यांदा सांगतो की ते माझी नक्कल करतात: पुढे आलास की स्पीड वाढवायचा नाही. जो आहे तो धरायचा. ऐकायला सोपं. पण होतं काय, की तू तीन लॅप मागे बसून आलेला असतोस, पाय ताजे वाटतात, पुढचा वर गेला, समोर मोकळा ट्रॅक दिसला, आणि अंगात येतं. एका लॅपची वेळ तीन-चार दशांश सेकंदांनी कमी केलीस तर तुला काही वाटणार नाही, पण जो आत्ताच ओढून वर गेलाय आणि खाली येऊन शेवटचं चाक पकडायला बघतोय, त्याचं काय? त्याचा श्वास वर आलेला, पाय भरलेले, आणि नेमकं त्याच क्षणी ट्रेन पळायला लागली. तो तुटला. सगळे म्हणणार तो कच्चा होता. कच्चा नव्हता, तू तोडलास त्याला. माझ्या बाबतीत हेच झालं, मी दोन वेळा आमचा सगळ्यात चांगला माणूस तोडला आणि वर त्यालाच बोललो, तो बिचारा ऐकून घ्यायचा. पुढे आमच्या कोचने लॅपच्या वेळा कागदावर मांडून दाखवल्या, माझी पाळी आली की आकडा खाली जायचा आणि त्याच्या पुढच्या लॅपला टीम फाटायची, प्रत्येक वेळी. त्यानंतर मी गप्प झालो.

बदल कसा होतो ते तुम्हाला माहीत असेल, पण नीट सांगतो कारण वेळ तिथेच सांडतो. ओढणारा वळणाच्या तोंडाशी वर जातो, बँकिंगवर. ४२ ते ४५ अंशाची भिंत असते ती. वर चढताना स्पीड आपोआप कमी होतो, तीन सायकली खालून निघून जातात, आणि तो उतार वापरून परत खाली येतो आणि शेवटच्या चाकामागे बसतो. ब्रेक नाहीत, फ्रीव्हील नाही, फिक्स गिअर, पाय थांबवता येत नाहीत, त्यामुळे सगळा हिशोब उंचीवर करायचा. किती वर गेलास त्यावर किती मागे पडशील ते ठरतं. फार वर गेलास तर खाली येईपर्यंत गाडी सुटलेली असते आणि पळत जाऊन पकडावी लागते. कमी गेलास तर तिघांच्या मधेच खाली येऊन कुणाच्या तरी चाकावर चाक. चांगल्या टीमचा बदल बघा, माणूस खाली येतो तेव्हा शेवटचं चाक त्याच्यासमोर अगदी वेळेवर आलेलं असतं, जणू कुणी दार उघडून धरलंय.

आणि बदल जितके कमी तितकं बरं, कारण प्रत्येक बदलात वर गेलेला माणूस जास्त अंतर कापतो आणि परत बसताना ताकद घालवतो. पूर्वी बहुतेक टीम एक-एक लॅपच्या पाळ्या करायच्या. आता मोठ्या पाळ्या, जो तगडा आहे तो दोन-तीन किंवा त्याहून जास्त लॅप सलग ओढतो आणि कुणी तरी एकदाच ओढून कायमचा बाजूला होतो. हो, चौथ्याचा बळी. तो ठरवून दिलेला असतो. माणूस थकून मागे पडला असं कॉमेंटेटर म्हणतात, पण बऱ्याचदा तो ठरल्या लॅपला सगळं संपवून सुटलेला असतो आणि तेच त्याचं काम.

सुरुवात करणारा वेगळ्या जातीचा लागतो. उभ्या सायकलवरून, इतक्या जड गिअरवर, टीमला स्पीडला आणायचं आणि तेही बरोबर त्याच स्पीडला. पहिला लॅप २१ सेकंदांच्या आसपास जातो, मग पुढचे सगळे तेराच्या घरात. ब्रिटनचा एड क्लॅन्सी हे काम वर्षानुवर्षं करत होता, २००८ बीजिंग, २०१२ लंडन, २०१६ रिओ, तिन्ही वेळा सोनं, आणि तिन्ही वेळा तो टीममध्ये होता. त्याच्याबरोबर सोनं घेतलेले ब्रॅडली विगिन्स, गेरेंट थॉमस ही नावं लोकांना टूर द फ्रान्समुळे माहीत, क्लॅन्सी विचारा, कुणाला आठवत नाही. पण पहिल्या लॅपला अर्धा सेकंद जास्त जोरात सुटला असता तर मागच्या तिघांचे पाय तिथेच भरले असते, आणि मग विगिन्स काय नि थॉमस काय. थंड डोक्याने सुरुवात करणारा माणूस सोन्याच्या भावाचा.

आता टोकियो. रेस झाली ऑगस्ट २०२१ मध्ये, इझूच्या वेलोड्रोमवर. इटलीकडून लामोन, कोन्सोनी, मिलान आणि गान्ना, समोर डेन्मार्क. डेन्मार्क म्हणजे त्या वेळी बाप टीम, २०२० च्या बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला दोन दिवसांत तीन वेळा वर्ल्ड रेकॉर्ड मोडून ३:४४.६७२ वर आणून ठेवलेला. फायनलला शेवटचा किलोमीटर सुरू झाला तेव्हा डेन्मार्क अर्ध्या सेकंदाहून जास्त पुढे होतं. चार लॅपमध्ये अर्धा सेकंद भरून काढायचा म्हणजे त्या लेव्हलला जवळजवळ संपलेली केस. मग फिलिप्पो गान्ना पुढे आला. तुम्ही तो व्हिडिओ पाहिला असेल तर म्हणाल, बघा, एका राक्षसाने जिंकून दिलं, मग माझे चार राक्षस का नको.

मी तो शेवटचा किलोमीटर कितीतरी वेळा पाहिलाय आणि मला गान्ना नाही दिसत, मला त्याच्या मागचे दोघं दिसतात. कोन्सोनी आणि मिलान. गान्ना जे करत होता ते माझ्या पहिल्या नियमाच्या बरोबर उलट होतं, स्पीड वाढवत होता, आणि ते चाललं का, तर मागच्या दोघांना त्या चाकावर टिकता येईल इतकंच त्यांच्यात शिल्लक ठेवलेलं होतं. आधीच्या बारा लॅपमध्ये इटली मागे होती तरी कुणी घाबरून पळालं नाही, कुणी ठरल्यापेक्षा जास्त ओढलं नाही. त्यांचा कोच मार्को व्हिला, हा माणूस कित्येक वर्षं हेच शिजवत होता. शेवटी इटली ३:४२.०३२, डेन्मार्क ३:४२.१९८. फरक ०.१६६ सेकंद, त्या स्पीडला साधारण तीन मीटर, म्हणजे दोन सायकलीसुद्धा नाहीत, चार किलोमीटरमध्ये. १९६० च्या रोमनंतर इटलीला या रेसचं ऑलिम्पिक सोनं थेट तेव्हा मिळालं. गान्ना एकटा सुटून पुढे गेला असता तर घड्याळ त्याच्यासाठी थांबलंच नसतं, हे लक्षात घ्या.

आणि तिघंच उरले की काय होतं ते २०२४ ला पॅरिसला दिसलं. ऑस्ट्रेलियाने पहिल्या राऊंडला इटलीविरुद्ध ३:४०.७३० मारून वर्ल्ड रेकॉर्ड केला, वेल्सफोर्ड, ब्लेडिन, लेही, ओब्रायन. दुसऱ्या दिवशी फायनल ब्रिटनशी. शेवटच्या लॅपला ब्रिटनचा इथन हेटर सीटवरून पुढे घसरला. तो इतका पुढे बसतो, टोकावर, की पाय जड झाले आणि शरीर एक इंच सरकलं आणि सीटच गेली खालून. पडता पडता वाचला पण लय गेली. ऑस्ट्रेलिया तेव्हा पुढेच होती, त्यामुळे निकाल त्याने बदलला असं मी म्हणणार नाही, पण जी रेस चुरशीची वाटत होती ती ३:४२.०६७ विरुद्ध ३:४४.३९४ अशी संपली. तीन शिल्लक असताना एकाचीही चूक परवडत नाही, कारण त्याचंच चाक घड्याळाला हवं असतं. सॅम वेल्सफोर्डसाठी मात्र बरं वाटलं, रिओला चांदी, टोकियोला कांस्य, आणि मग हे.

टोकियोतला दुसरा किस्सा पण सांगायलाच हवा कारण तो मान खाली घालण्याबद्दल आहे. ब्रिटन-डेन्मार्क हीट, ब्रिटनचा चार्ली टॅनफिल्ड आपल्या टीमपासून तुटून मागे पडलेला, आणि डेन्मार्कचा फ्रेडरिक मॅडसन पुढे ओढत होता, डोकं इतकं खाली की समोर माणूस आहे हे दिसलंच नाही, सरळ मागून जाऊन आदळला. दोघं खाली. पुढे बराच वेळ पंचांची चर्चा होऊन डेन्मार्क फायनलला गेलं. लोक म्हणतात, बघत का नाही? अहो, मान वर केली की हवा लागते, आणि हे लोक त्या दोन इंचांसाठी वर्षभर विंड टनेलमध्ये बसलेले असतात. मी समर्थन करत नाहीये. पण का होतं ते कळतं मला.

हवेवरून आठवलं. तुमच्या प्रश्नात खाली एक ओळ होती, की हे लोक आता इतके फास्ट कसे झाले, औषधं का? आपण साधं गणित करू. चार किलोमीटर चार मिनिटांत म्हणजे बरोबर ताशी ६० किलोमीटर. ऑलिम्पिकला ती भिंत पहिल्यांदा २००० साली सिडनीत जर्मनीने फोडली, ३:५९.७१०. बीजिंगला ब्रिटन ३:५३.३१४. आणि पॅरिसला ३:४०.७३०, म्हणजे ताशी ६५ च्या वर, तेही उभ्या सुरुवातीसकट. हवेविरुद्ध लागणारी ताकद स्पीडच्या तिसऱ्या घातात वाढते, त्यामुळे ६० वरून ६५ ला जायला पाव हिस्सा जास्त ताकद हवी, बाकी सगळं तसंच ठेवलं तर. चोवीस वर्षांत माणसं पाव हिस्सा जास्त ताकदवान झाली नाहीत. बाकी सगळं तसं ठेवलं नाही, हे त्याचं उत्तर. हात जवळ आले, चेहऱ्यासमोर उंच आले, कोपराला बसेल असे त्या माणसाच्या मापाचे हँडलबार आले, स्किनसूटचं कापड बदललं, हॉल गरम ठेवतात कारण गरम हवा पातळ, आणि गिअर प्रचंड वाढले. पुढे साठच्या वर दातांची चेनरिंग आता कॉमन झालीय, गान्नाने तासाच्या रेकॉर्डला (एका तासात एकट्याने जास्तीत जास्त अंतर कापायचं) तर ६५ बाय १४ लावला होता, म्हणजे पुढे ६५ दात, मागे १४. मोठा गिअर म्हणजे पाय हळू फिरतात, मिनिटाला १२० च्या आसपास, आणि मोठ्या पाळीला ते सोसतं. सुरुवात मात्र मरणाची जड होते, तेवढी किंमत देतात.

आणि यात एक मजेशीर माणूस आहे, डॅन बिगम. इंजिनिअर. हा ब्रिटिश माणूस टोकियोपर्यंत डेन्मार्कच्या टीमचं एरोचं, म्हणजे हवेचा विरोध कमी करायचं, काम करत होता, पुढे २०२२ ला स्वतः तासाचा रेकॉर्ड केला, ५५.५४८ किलोमीटर, आणि पॅरिसला ब्रिटनकडून फायनल खेळून चांदी घेतली. परस्यूट हा आता निम्मा वहीचा खेळ झालाय याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. डॅनिश रायडरनी टोकियोत क्वालिफाईंगला नडगीवर टेप लावली होती त्यावरून भांडण झालं होतं, आठवतं? गंमत वाटेल पण क्रिकेटच्या बॉलची शिवण जे करते तेच ते, गोल वस्तूवर योग्य जागी खरखरीतपणा आला की हवा जरा उशिरा सुटते आणि मागे ओढ कमी होते. बाकीच्या टीमनी बोंब मारली, पुढच्या राऊंडला टेप काढायला लावली.

पण तुम्ही कृपया नडगीला टेप लावत बसू नका. तुमची वेळ टेपने नाही, गॅपने चाललीय.

तुमच्यासाठी सांगतो. रोडवरच्या पोरांचा प्रॉब्लेम असा की त्यांना चाक सोडून बसायची सवय असते. मुंबई-पुणे शर्यतीत घाट मारणारी कितीतरी चांगली पोरं मी बघितलीत, छातीत दम आहे, पायात ताकद आहे, पण चाकापासून हातभर लांब बसतात कारण रोडवर खड्डा येईल, कुत्रं येईल, ब्रेक लागेल. बरोबर आहे त्यांचं, रोडवर तसंच बसावं. ट्रॅकवर खड्डा नाही आणि ब्रेकही नाही, तिथे पुढच्याच्या चाकाकडे टक लावून पण बघायचं नाही, त्याच्या कंबरेकडे बघायचं, चाक कुठे आहे ते आपोआप कळायला लागतं. याला महिने लागतात. स्पीड कमी ठेवा, ४०-४२ ला दहा-दहा लॅप फक्त चाक आणि बदल, बदल आणि चाक. कंटाळा येतो, पोरं कुरकुरतात, कुरकुरू द्या.

मग शेड्यूल. चौघांतल्या सगळ्यात भारी माणसाचा नाही, तिसऱ्या नंबरच्या माणसाचा आकडा काढा, तो चाकावर बसून किती स्पीड शेवटपर्यंत सोसेल, आणि लॅपची वेळ त्यावर ठरवा. ३३३ मीटरचा ट्रॅक असेल तर १२ लॅप होतात. मोठ्या टीमचे कोच ट्रॅकच्या कडेला उभे राहून रेषेच्या पुढे-मागे चालताना दिसतात ना, ते फेरफटका मारत नाहीत. शेड्यूलच्या पुढे आहात की मागे, हे रायडरला एका नजरेत कळावं म्हणून तो माणूस स्वतः रेषेपासून तेवढा पुढे किंवा मागे उभा राहतो. ओरडून काही ऐकू येत नाही त्या स्पीडला, हेल्मेटमध्ये तर नाहीच. तुमच्याकडे स्टॉपवॉच आणि दोन पाय असलेला एक मित्र असेल तर हे उद्यापासून करता येतं, खर्च शून्य.

पाळ्या समान वाटू नका. भाऊबंदकीसारखं सगळ्यांना सारखं वाटायचा मोह होतो, कुणी रुसू नये म्हणून. जो तगडा आहे त्याला स्पीड वाढवू देऊ नका, त्याला लॅप वाढवून द्या. त्याची खुमखुमी अंतरात जिरू दे. आणि जो कमी आहे त्याने अर्धाच लॅप ओढला तरी चालेल, पण वर जाताना आणि खाली येताना त्याने घाण करायची नाही.

चौथा कोण ते रेसच्या आधी बसून ठरवा आणि त्याला तोंडावर सांगा, की बाबा, तू नवव्या लॅपला शेवटची पाळी ओढून वर जायचंस आणि परत खाली यायचं नाहीस. हे बोलणं अवघड जातं. आमच्यात ते कुणी बोललंच नाही, म्हणून चौघंही शेवटपर्यंत टिकायचं म्हणून थोडं थोडं राखून ओढायचे, आणि त्या राखून ओढण्यात दर लॅपला स्पीड पडायचा.

आपले ट्रॅक बहुतेक उघडे सिमेंटचे, तर सकाळी वारा उठायच्या आत या. बदल कुठे करायचा तिथे खडूने खूण करून ठेवा, दोन्ही वळणांना. पहिल्या दिवशी शेड्यूल तुमच्या आत्ताच्या वेळेपेक्षा मुद्दाम पाच-सहा सेकंद हळू ठेवा आणि बघा तिघं एकत्र रेषेवर येताय का. आलात की लॅपला दोन दशांश काढा. परत बघा. मागचा तुटला की ते दोन दशांश परत घाला आणि तिथेच आठवडाभर रहा.